खुडूक कोंबडीखालची पुरचुंडी

आमच्या गावात मला चोरटी म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फार थोड्यांची होती, पण पाणवठ्यावरून मी निघाले की मागे ते नाव निघायचं, आणि माझे कान पहिल्यापासून तिखट. आज मी म्हातारी झाले. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांतले बरेच जण गेले. तरी ते पुसून काढायला मी हे लिहीत नाही. असू द्या. ते नाव मी स्वतः, भर चावडीपुढे, पूर्ण शुद्धीत घेतलेलं आहे. कसं घेतलं तेवढं सांगते.

माझं माहेर वेल्ह्याकडचं, मार्गासनीच्या जवळचं. चार यत्ता शिकले म्हणून आज लिहिते आहे. लग्न होऊन आले ती भाटघरच्या पाण्याकाठच्या एका गावात. धरण होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं लोक अजून चालू काळात घ्यायचे, जणू तिथे आत्ताही कुणी चूल पेटवत असेल. सासरी घरधनी, सासू आणि मी, एवढी तीनच माणसं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. बाई बोलायला खडबडीत होती. ‘वेल्ह्याकडच्या पोरी हट्टी,’ असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि मी तिला खोटं पाडायचे कधी कष्ट घेतले नाहीत.

आमच्याकडे जमीन बाप्याची, बैल बाप्याचे, भात बाप्याचं. कोंबड्या तेवढ्या बाईच्या. त्याचं कारण बाईचा मान वगैरे नव्हे. डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन बाजारात बसणं बाप्याला हलकं वाटायचं, इतकंच. बाजाराच्या दिवशी आम्ही बायका भुशात अंडी रचून भोरला जायचो. कापूरहोळहून मोटारीने पुण्याला अंडी पाठवणारा एक व्यापारी तिथे यायचा. अंडी बाईची, पाटी बाईची, पायपीट बाईची, पण पैसे घरात आले की ते कुणाचे होत हे काय सांगायला हवं? मग प्रत्येक बाई त्यातला थोडा पैसा वाटेतच बाजूला काढायची. कुणी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवी, कुणी गोठ्याच्या भिंतीत, कुणी भाताच्या कणगीत. याला आमच्यात कुणी चोरी म्हणत नव्हतं आणि बचतही म्हणत नव्हतं. याला नावच नव्हतं, कारण बायका याबद्दल एकमेकींशीसुद्धा बोलत नसत.

आमच्या वाटेवर, सडकेला लागण्याआधी, एक विसाव्याचा दगड होता. जांभळीखाली छातीएवढ्या उंचीचा ओटा रचून वर मोठी फरशी टाकलेली. डोक्यावरचं ओझं कुणाच्या मदतीशिवाय उतरवता यावं आणि पुन्हा उचलता यावं, म्हणून कुणा शहाण्या माणसाने बांधलेला. जेठाच्या अखेरीला मी बाजारातून परतताना तिथे पाटी टेकली, तर ओट्याच्या फटीत काहीतरी तांबडं दिसलं. ओढून काढलं, तर पुरचुंडी. हाताला जड लागली.

मी तिची गाठ तिथेच सोडली. उगाच साव कशाला बनू, कुणीही सोडली असती. तांबड्या खणाचा तुकडा, आत चांदीचे रुपये आणि चिल्लर, आणि त्यांच्यात एक चिंचोका, अर्धा फोडलेला. पैसे किती होते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आताही सांगणार नाही. पुरचुंडीला धुराचा वास होता आणि कोंबड्यांचा वास होता. नाकाला लगेच कळलं की ही बाईची आहे. बाजारात वाणसामानाला नेलेल्या पैशाला असा वास येत नाही. वर्षानुवर्षं चुलीमागे दडलेल्या पैशालाच येतो.

घरी आणून घरधन्यापुढे ठेवली. साधा माणूस. भांडण दिसलं की दुसऱ्या बांधावरून जाणारा.

“पाटलाकडं दिऊन टाक,” तो म्हणाला, “आपल्या डोक्याला ताप नगं.”

गावची रीत अशी होती. वस्तू सापडली की पाटलाला सांगायचं. पाटील दवंडी देणार. जो खूण सांगेल त्याला वस्तू द्यायची. जत्रेपर्यंत कुणी आलंच नाही तर ती देवाची. रीत वाईट नव्हती, माझं तिच्याशी भांडण नव्हतं. मी पाटलांकडे गेले, पण पुरचुंडी घरी ठेवून गेले. खूण पटली की माझ्या हाताने देईन, असं आत्याबाईंच्या तोंडून सांगितलं, कारण सासरच्या मोठ्या माणसाशी सुनेनं सरळ बोलायची पद्धत नव्हती. पाटील हसले. “वेल्ह्याकडची सून,” म्हणाले. मग त्यांनी विचारलं की पुरचुंडी कशात बांधलेली होती. आत्याबाईंनी मागे बघितलं, मी खणाचं सांगितलं, त्यांनी ते पुढे सांगितलं.

आणि तिथेच घोळ झाला. आमच्या दवंडीवाल्याला थोडक्यात काही सांगणं जमायचं नाही. नुसतं ‘पैसे सापडलेत’ एवढं ओरडून त्याचं समाधान होईना. त्याने आमच्या गावात, खालच्या वाडीत आणि ओढ्यापल्याडच्या वाडीत डफ बडवून सगळी कथाच लावली. तांबड्या खणाची पुरचुंडी, चांदीचे रुपये, जांभळीखालचा दगड, अमक्याच्या सुनेला घावली. जी खूण विचारायची तीच दारोदार वाटून आला. पाटलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पैसे हरवलेल्याला नीट कळायला नको का, असं उलट तेच म्हणाले.

माझ्यापाशी उरला एक चिंचोका. त्याबद्दल मी घरधन्यालासुद्धा बोलले नव्हते.

पहिल्यांदा खालच्या वाडीतला एक म्हातारा आला. तांबडा खण, चांदीचे रुपये, सगळं पाठ करून आलेला. आत आणखी काय आहे म्हटल्यावर त्याने तंबाखूची पिशवी चाचपली आणि उन्हाला दोष देत निघून गेला. दुसऱ्या दिवशी ओढ्यापल्याडचा एकजण आला. चांगला धट्टाकट्टा, डोक्याला नीट बांधलेलं मुंडासं. तो अंगणातूनच म्हणाला, “पुरचुंडी आमची हाय. माझ्या बायकूची. तिनं कबूल केलंय.”

कबूल केलंय. हरवलेली वस्तू कुणी कबूल करतं का? ती सांगितली जाते. कबूल करायला लावलं जातं, तेव्हा ते कसं लावतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याबाई दारातच बसल्या होत्या, त्यांच्या तोंडून बोलायचं सोडून मी सरळ त्याला विचारलं.

“आत काय हाय?”

“पैसं.”

“अजून?”

“अजून काय असणार? पैशात पैसंच असत्यात.”

“मग ज्यांची हाय त्यांना धाडा. त्यांनी खूण सांगितली की त्यांच्या हातात दीन.”

“तिला कशाला? मी आलोय की. बायकू माझी, तर पैसा कुणाचा?”

“ते मला म्हाईत न्हाई,” मी म्हटलं, “मला पुरचुंडी घावलीया, तुमची बायकू घावलेली न्हाई.”

तो गेला तो थेट पाटलांकडे. मग चावडी बसली. बायका चावडीत जात नसत. मी भिंतीला लागून बाहेर उभी राहिले, पदर कपाळापर्यंत, पुरचुंडी मुठीत. आमच्या गावातल्या बायकांना त्या दिवशी अचानक चावडीजवळच गोवऱ्या वेचायची निकड लागली होती. आत पंचांचं चाललं होतं. त्यांचा हिशेब फार सोपा होता. बायको नवऱ्याची, म्हणून कोंबडी नवऱ्याची, म्हणून अंडं नवऱ्याचं. कुणी मुंडासं सारखं करत म्हणालं की नवऱ्याला न सांगता पैसा दडवणारी बाई तीच मुळात चोर, तिचा पैसा धन्याला परत मिळतोय तर मधे ही कोण? दुसऱ्याने विचारलं, “पर ती पैसा साठवत व्हती कशापायी?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू खरा प्रश्न आता सापडला.

हा प्रश्न मला पुढे आयुष्यभर भेटला. कशापायी? पोराच्या औषधाला असेल तर बाई चांगली. देवाला नथ करायला असेल तर चांगलीच. स्वतःला लुगडं घ्यायला असेल तर चटोर. बाप्याचा पैसा त्याचा असतो, तो त्याचं काय करणार हे कुणी विचारत नाही. बाईचा पैसा मात्र कारण चांगलं निघालं तरच तिचा. मला तेव्हा हे असं मांडता आलं नसतं. पण डोकं फिरलं होतं, आणि मी भिंतीबाहेरून बोलले.

“कशापायी बी असंल. हरवला तिचा, तर द्यायचा बी तिलाच. तिला हितं बोलवा.”

आतली मुंडाशी भिंतीकडे वळली. सुनेचा आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता. घरधनी कोपऱ्यात बसला होता, त्याने मान खाली घातली ती वर काढली नाही. पण पाटील न्यायाला धरून होते, हे त्यांच्याबद्दल मला म्हणायलाच हवं. “बोलवा बाईला,” ते म्हणाले.

ती आली. नवरा पुढे, ती चार पावलं मागे. माझ्याहून वयाने मोठी, सुकलेली, डोळे जमिनीवर. तिला मी बाजारात लांबून पाहिलं असेन, बोलले कधी नव्हते. पाटलांनी मला पुरचुंडी वर धरायला सांगितली.

“बाई, ही तुझी का? घाबरू नगंस. खूण सांग, म्हंजे मिटलं.”

तिने वर बघितलं. आधी पुरचुंडीकडे, मग माझ्याकडे. तिने हो म्हणून मान हलवली तर पुरचुंडी माझ्या हातून तिच्या हातात आणि तिच्या हातून तिथेच नवऱ्याच्या हातात जाणार, हे तिला दिसत होतं आणि तेव्हा मलाही दिसलं. मघापासून मी न्याय मागत होते. आणि माझ्या न्यायाने त्या बाईचं एका पैशाचंही भलं होणार नव्हतं.

“न्हाई,” ती म्हणाली, “माझी न्हाई. म्या कवा बघितली बी न्हाई.”

नवऱ्याचं तोंड पडलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याची किंमत तिला घरी गेल्यावर द्यावी लागणार होती, हे हसणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसेल. पंचांचं काम मात्र सोपं झालं. धनी मिळाला नाही, खूण पटली नाही, तेव्हा पुरचुंडी देवाची. जत्रेपर्यंत तरी कशाला थांबायचं? गुरव उठला आणि त्याने माझ्यापुढे हात पसरला.

देवाशी माझं वैर नव्हतं, आजही नाही. पण देवाच्या पेटीत गेलेला पैसा बाहेर काढून कुणाला दिल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ती पुरचुंडी कुणाची हे देवाला तर ठाऊकच होतं. मग तो ती घेईल तरी कोणत्या तोंडाने? मी मूठ मागे घेतली.

“खूण सांगणारं कुणी आलं न्हाई,” मी म्हटलं, “घावली मला. म्या ठेवली.”

“म्हंजे?” पाटील म्हणाले.

“म्हंजे माझी.”

“चोरटी हाय ही,” आतून कुणी म्हणालं.

“व्हय,” मी म्हटलं, “म्हना तसं.”

आणि घरी निघाले. मागे गलका झाला. भोरच्या कचेरीत कळवू, संस्थानात जमा होईल, बेड्या पडतील, काय काय ऐकू येत होतं. पण निघताना मी एकदा तिच्याकडे बघितलं. ती तशीच उभी होती, डोळे जमिनीवर, आणि तिने पदराचं टोक दातात घट्ट धरलं होतं. पुरचुंडी तिचीच होती, हे मला समजलं.

घरधनी घरी येऊन एवढंच म्हणाला, “आता गावात त्वांड कसं दावू?” मी म्हटलं, तुमचं तोंड कुणी मागितलंय, नाव माझं ठेवलंय. तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. आत्याबाई उठल्या, त्यांनी दार लोटलं, आणि मी शिव्या खायला तयार झाले.

“चुलीमागं ठिवू नगंस,” त्या म्हणाल्या. “तिथं समदं जग आधी बघतं.”

त्यांनी मला पडवीत नेलं. बांबूच्या डालग्यात आमची काळी कोंबडी अंडी उबवत खुडूक बसली होती. कुणी जवळ आलं की ती पिसं फुलवून चोच मारायची. घरधनी तर तिच्या बाजूने फिरकतही नसे. आत्याबाईंनी सरावाने हात खाली सारला आणि अंड्यांखालचा पेंढा बाजूला केला. तिथे त्यांची स्वतःची एक पुरचुंडी होती, निळ्या चिंधीची. त्यांनी ती थोडी सरकवून शेजारी जागा केली. माझं लग्न झाल्यापासून मी त्या घरात कोंबड्यांचं सगळं करत होते, आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. “बघतीस काय? ठिव,” त्या म्हणाल्या.

कचेरीत कुणी कळवलं नाही. भोरला हेलपाटे घालायला कुणाला वेळ होता? पण गावाने दुसरा इलाज केला. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्या जणी तुमच्या खाचरात, उद्या सगळ्या आमच्या खाचरात. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. लावणी एकट्या घराला उरकतच नाही. चिखल झाला की दोन-तीन दिवसांत रोपं त्यात गेली पाहिजेत, नाहीतर आवण, म्हणजे ती रोपं, निबार होतं, मग त्याला फुटवा येत नाही आणि वर्षाचं भात गेलं. पंचांनी ठरवलं की चोरटीच्या घराशी सावड नाही. देवाच्या पेटीत पैसे टाकले की सावड पुन्हा सुरू.

आषाढ लागला. आमची खाचरं तयार झाली आणि आम्ही तिघंच त्यांत उतरलो. आजूबाजूच्या खाचरांत वीस-वीस बायका ओळीने वाकलेल्या, गाणी म्हणत पुढे सरकायच्या. आमच्या खाचरात घरधनी रोपांच्या मुठी फेकायचा आणि मी आणि आत्याबाई लावायचो. संध्याकाळी मागे वळून बघावं तर लावलेला तुकडा घोंगडीएवढा. आत्याबाईंची कंबर धरली. लावायचा राहिलेला तरवा वाफ्यातच पिवळा पडू लागला. घरधनी रोज सकाळी माझ्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याने एकदा तरी म्हणावं ‘टाक पेटीत’, म्हणजे मला भांडता येईल, असं वाटायचं. तो म्हणाला नाही. आज वाटतं, त्याच्या परीने ती त्याची साथच होती.

मी टाकणार नव्हते. भात गेलं असतं तर नाचणीवर दिवस काढले असते. मला राग भाताचा नव्हताच. मला राग याचा होता, की ती बाई पदर दातात धरून उभी होती आणि सगळ्या चावडीत एकाही बाप्याला तो दिसला नाही.

एका दुपारी बांधावर पाटलीणबाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर इरलं, हातात काठी. मोठ्याने म्हणाल्या, “आमची म्हस इकडं शिरली का गं?” म्हैस समोरच्या माळावर सगळ्यांना दिसेल अशी चरत होती. मी चिखलातून बांधाशी गेले. त्या खाली वाकल्या आणि आवाज एकदम उतरला.

“तू म्हनं कुनालाच देत न्हाईस.”

“जिची तिला दीन.”

“आन् पंचांनी मागितली तर?”

“तुमी व्हता की चावडीजवळ गोवऱ्या येचत.”

“व्हते. म्हून तर आले,” त्या म्हणाल्या, आणि इरल्याच्या आतून त्यांनी एक पुरचुंडी काढून माझ्या चिखलाच्या हातात ठेवली. “आमच्या घरात कशाला बी जागा हाय, फकस्त ह्याला न्हाई. आत येक सुपारी हाय, वरनं किडकी. खूण ध्येनात ठिव.”

पाटलांची बायको. गावात सगळ्यांत मोठं घर, सगळ्यांत जास्त खाचरं. मी हसले असेन, कारण त्या रागावल्या. “दात काय काढतीस? आवण बघ कसं झालंय तुझं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खाचराच्या बांधावर बायकांची रांग उभी. पुढे पाटलीणबाईंची थोरली सून. पाटलांनी म्हणे घरी विचारलं होतं, हा काय प्रकार. पाटलीणबाईंनी सांगितलं, की अन्न वाया घालवणं पाप आहे, पंचांनी माणसावर राग धरावा, रोपावर धरू नये. सूर्य कलायच्या आत आमची सगळी खाचरं हिरवी झाली. जाताना एकजण पाय धुवायच्या निमित्ताने पडवीत आली, मग दुसरी आली. आत्याबाईंनी संध्याकाळी कोंबडीखालची जागा बघितली आणि म्हणाल्या, “आता आणिक येक खुडूक बसवाया पायजे.”

त्या सावडीपासून ते चालू झालं. आमच्या गावातल्या, दोन्ही वाड्यांतल्या, पुढे तर भोरातल्या एका बांगड्या भरणाऱ्या बाईचीसुद्धा पुरचुंडी माझ्याकडे आली. ती मुसलमान, आम्ही शेतकरी, पण चुलीमागचा कोनाडा दोन्हीकडे सारखाच असुरक्षित. मला लिहितावाचता येत होतं, तरी यातलं एक अक्षर मी कधी लिहिलं नाही. लिहिलेलं कधी ना कधी कुणाच्या तरी हातात पडतं. प्रत्येकीची खूण डोक्यात ठेवायची. बाप्ये मला चोरटी म्हणत राहिले, बायका त्यांच्या देखत मान डोलावत राहिल्या आणि पैसे माझ्याकडे ठेवत राहिल्या. देवाला, पंचांना, नवऱ्याला, कुणालाच न देणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली होती. साव म्हणून झाली असती तर एकही आली नसती.

जिची तांबडी पुरचुंडी, ती मात्र आली नाही. तिला बाजारात सोडणं नवऱ्याने बंद केलं होतं. तिची अंडी शेजारीण न्यायची. मी दर बाजाराला तांबडी पुरचुंडी पाटीच्या तळाशी, भुशात खुपसून न्यायची आणि दगडापाशी गरजेपेक्षा जास्त वेळ बसायची. भात पिकलं, झोडून झालं, कणगीत गेलं. मग एका बाजाराला, परतीच्या वाटेवर, ती दगडाला टेकून उभी दिसली. उजव्या हातात सगळ्या जुन्या बांगड्या, डाव्या मनगटात मात्र कोऱ्या करकरीत. आधीच्या कशा फुटल्या ते मी विचारलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

“खूण सांग,” मी म्हटलं. तिची आहे हे मला दिसत होतं, तरी म्हटलं. रीत ती रीत.

“चिंचोका,” ती म्हणाली. “अर्धा फोडल्याला. आमच्या म्हायेरच्या चिंचेचा. ती चिंच आता पान्यात हाय.”

मी भुशातून पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली. तिने ती हातात तोलली, छातीशी धरली.

“सोडून बघ की.”

“कशाला?” ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने ती मला परत दिली. घरात न्यायची सोय नव्हती. “लागंल तवा मागीन,” म्हणाली. मग खाली मान घालून, जरा चाचरत विचारलं, “कशापायी साठवते, ते इचारत न्हाईस?”

“न्हाई.”

त्यानंतर ती अधूनमधून बाजाराला येऊ लागली. दगडापाशी भेटली की थोडी चिल्लर माझ्या हातात द्यायची आणि मी ती तिच्या पुरचुंडीत बांधायची. खण दोनदा बदलावा लागला, चिंचोका तोच. तिला मूलबाळ नव्हतं. आमचं बोलणं कोंबड्यांपलीकडे फारसं जायचं नाही. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, अंड्यांना मात्र कधी नव्हे तो भाव आला. अशाच एका बाजाराला ती सकाळीच दगडापाशी भेटली, नेसणं धुतलेलं, पाटी रिकामी.

“आज दे,” ती म्हणाली.

दगडापासून वाट खाली सडकेला लागते. तिथून एका हाताला भोर, दुसऱ्या हाताला कापूरहोळ. तिने पुरचुंडी कमरेला खोचली, पाटी फरशीवर पालथी ठेवली आणि सडकेला लागली. ती भोरकडे वळली नाही. कापूरहोळला पुण्याची मोटार मिळते, साताऱ्याचीही मिळते. कोणती धरली ते मला माहीत नाही, कारण मी विचारलं नव्हतं. ती वळणाआड जाईपर्यंत मी उभी राहिले आणि मग माझी अंडी घेऊन बाजाराला गेले.

चार दिवसांनी तिचा नवरा आमच्या अंगणात उभा. मुंडासं तेच, पण आता ते नीट बांधलेलं नव्हतं. त्याला कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं.

“माझ्या बायकूचा पैसा तुझ्यापाशी व्हता,” तो म्हणाला. “तू दिलास, म्हून ती गेली. कुठं गेली?”

“तुमच्या बायकूचा कुठला पैसा?”

“ती पुरचुंडी. तांबडी.”

“ती त्यांची नव्हती,” मी म्हटलं. “त्यांनी सोता सांगितलं, भर चावडीत, पंचांच्या म्होरं. म्या कवा बघितली बी न्हाई, म्हनाल्या. तुमी शेजारीच व्हता. पाटलांना इचारा, त्यांना याद असंल.”

ते बोलणं त्याने तेव्हा कानांनी ऐकलं होतं आणि घरी जाऊन तिला त्याची शिक्षाही दिली होती. आता ते त्याच्याच वाटेत आडवं पडलं होतं.

“चोरटे,” तो म्हणाला.

“व्हय. झडती घ्यायची असंल तर घ्या. हितं बी बघा.” मी पडवीतलं डालगं त्याच्यापुढे केलं. काळीच्या नातींपैकी एक कोंबडी त्यात खुडूक बसली होती, आणि तिच्याखाली त्या घडीला किडक्या सुपारीची पुरचुंडी होती. “घाला हात.”

कोंबडीने पिसं फुलवली. त्याने हात थोडा पुढे केला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. तो ओढ्याच्या वाटेने निघून गेला, आणि मी तिला मूठभर कण्या टाकल्या.